दहा हजार फेकींच्या माशासाठी काठी कुठली?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात हेवर्ड नावाचं एक छोटंसं गाव आहे. तिथे एक मासा आहे, तब्बल १४३ फूट लांब आणि साडेचार मजले उंच! घाबरू नका, खरा नाही तो. गोड्या पाण्यातल्या मासेमारीचं एक संग्रहालय तिथे आहे, आणि त्याच्या आवारात हा अवाढव्य मासा बांधून काढलेला आहे. त्याच्या पोटातून वर चढत जायचं आणि थेट जबड्यात, दातांच्या रांगेमागे उभं राहून गावाकडे बघायचं. लहान मुलांचीच काय, मोठ्यांचीही तिथे गर्दी असते.

हा पुतळा ज्या माशाचा आहे, त्याचं नाव मस्कलंज. लाडाचं नाव मस्की. ओजिब्वे या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून हे नाव आलं. १९५५ साली विस्कॉन्सिनने मस्कीला आपला राज्य-मासा म्हणून जाहीर केलं. आपल्याकडे शेकरू हा जसा महाराष्ट्राचा राज्यप्राणी, तसंच.

तुमच्यापैकी कुणाचे काका, मामा किंवा आत्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन किंवा मिशिगनमध्ये राहत असतील, तर सुट्टीत तिकडे गेल्यावर मस्कीचं नाव कानावर पडल्याशिवाय राहणार नाही. आणि एखादा मावसभाऊ नक्की विचारेल, ‘‘येतोस का मस्की पकडायला?’’ मग पहिला प्रश्न येतो तो म्हणजे काठी कुठली घ्यायची, रीळ कुठलं घ्यायचं? आज त्याचीच गोष्ट करू. ज्यांना तिकडे जायचं नाही त्यांनीही वाचा, कारण यात तरफ आहे, सायकलचं गिअर आहे, आणि शेवटी एका जिवाचा प्रश्नही आहे.

हा मासा असतो तरी कसा?

मस्की लांबट, सडपातळ. पाठीवरचा पर पार मागे, शेपटीजवळ. म्हणजे आकार अगदी बाणासारखा, आणि वागणंही तसंच. पाणवनस्पतींच्या आड तो निश्चल उभा राहतो, आणि भक्ष्य टप्प्यात आलं की सुटतो! मासे हे त्याचं मुख्य खाणं, पण बदकाचं पिल्लू किंवा पाण्यात पोहणारा उंदीर मिळाला तरी त्याला चालतो. तोंडात सुयांसारखे शेकडो दात.

साधारण अडीच ते चार फूट लांबीचे मस्की आढळतात. पन्नास इंचांच्या पुढचा मासा म्हणजे आयुष्यभर सांगायची गोष्ट. पण इतकं वाढायला वेळ लागतो. चाळीस इंचांपर्यंत पोचायलाच साधारण आठ-दहा वर्षं जातात. म्हणजे गळाला लागलेला मासा कदाचित तुमच्याच वयाचा असेल, किंवा तुमच्या ताईच्या!

शिवाय मस्की संख्येने थोडेच असतात. पुष्कळ तळ्यांत एका एकर पाण्यात सरासरी एकसुद्धा मोठा मस्की सापडत नाही. त्यात स्वारी लहरी. खोट्या आमिषाच्या मागे मागे होडीपर्यंत येतो, टक लावून बघतो आणि निघून जातो. म्हणूनच त्याला ‘दहा हजार फेकींचा मासा’ असं म्हणतात. आकडा काही कुणी मोजलेला नाही, पण हात दुखेपर्यंत फेकावं लागतं एवढं मात्र खरं.

काठी : लांबी, ताकद आणि वाक

आपल्या नदीवर बांबूची काठी, तंगूस, गळ आणि गांडूळ एवढ्यावर काम भागतं. मस्कीसाठी ते चालत नाही, कारण इथे आमिष हलकं नसतं. लाकडाचे, रबराचे, धातूच्या चकत्यांचे हे नकली मासे साधारण ५० ग्रॅमपासून २०० ग्रॅमपर्यंत वजनाचे असतात. २०० ग्रॅम म्हणजे एक बऱ्यापैकी मोठा बटाटा. तो दोरीला बांधून दिवसभर भिरकावायचा आहे, हे लक्षात घ्या.

काठी बघताना तीन गोष्टी बघायच्या.

पहिली लांबी. नवशिक्यासाठी आठ ते साडेआठ फुटांची काठी उत्तम. लांब काठीने आमिष लांब जातं, हे तर झालंच. पण खरं कारण वेगळं आहे. मस्की पुष्कळदा अगदी होडीजवळ येऊन झडप घालतो. म्हणून प्रत्येक फेकीच्या शेवटी आमिष लगेच बाहेर काढायचं नाही. काठीचं टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठचा आकडा काढायचा, चांगला मोठा, गोलाकार वळणांचा. काठी आखूड असली की वळणं लहान होतात, आणि चार फुटांच्या माशाला लहान वळणावर वळता येत नाही. तुमची उंची कमी असेल तर साडेसात फुटांवर या, पण त्याहून खाली नको.

दुसरी ताकद. काठीच्या बुडाशी ती किती वजनाच्या आमिषासाठी आहे ते छापलेलं असतं. ते नीट वाचा. मस्कीसाठी ‘हेवी’ असं लिहिलेली काठी घ्यायची. हलक्या काठीने जड आमिष फेकलं तर ती मोडू शकते, आणि मासा लागला तर नुसती धनुष्यासारखी वाकून राहते.

तिसरा वाक, म्हणजे काठी कुठे वाकते ते. काही काठ्या वेताच्या छडीसारख्या मधूनच वाकतात, तर काही फक्त शेंड्याकडे वाकून खाली ताठ राहतात. आपल्याला दुसऱ्या प्रकारची हवी. मस्कीचा जबडा हाडाचा आणि टणक. गळ त्यात रुतवायला एक जोरदार हिसका द्यावा लागतो. काठी मधूनच वाकली, तर तो हिसका वाकण्यातच विरून जातो.

आता थोडं विज्ञान. काठी ही तरफच, पण उलटी! तिचं लांब टोक माशाकडे आणि आखूड टोक तुमच्या हातात. म्हणजे यांत्रिक फायदा माशाला, मेहनत तुम्हाला. म्हणून मस्कीच्या काठीची मूठ मुद्दाम लांब ठेवतात. तिचं बूड काखेत किंवा पोटाशी टेकवता येतं आणि मनगटावरचा भार कमी होतो. दुकानात काठी हातात घेतली की आधी मूठ काखेत धरून बघा.

चौकट : कलकत्त्याचा बांबू

आजच्या बहुतेक काठ्या कार्बनच्या तंतूंच्या किंवा काचतंतूंच्या असतात. पण एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले कारागीर बांबू उभा चिरून, त्याच्या पट्ट्या तासून आणि चिकटवून काठ्या बनवायचे. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचा सॅम्युअल फिलिप हा त्यांतला एक अग्रणी. धंद्याने तो बंदुका बनवणारा. त्या काळी वापरला जाणारा बांबू ‘कलकत्ता केन’ या नावाने ओळखला जायचा, कारण तो आपल्या हिंदुस्थानातून जहाजाने तिकडे जात असे!

रीळ : फिरकी आणि सायकल यांची जोडी

संक्रांतीला पतंग उडवताना फिरकी धरलीय ना? पतंगाने ओढ घेतली की फिरकी गरागरा फिरते आणि मांजा सुटतो. मस्कीचं रीळ तसंच, आडव्या आसावर फिरणाऱ्या चाकाचं. ते काठीच्या वरच्या बाजूला बसतं. आमिष हवेत झेपावलं की चाक फिरतं आणि दोरी सुटते.

पण इथेच नवशिक्याची फजिती होते. आमिष पाण्यात पडून थांबलं, तरी चाक आपल्या वेगात फिरतच राहतं. मग सुटलेल्या दोरीचा असा काही गुंता होतो की चिमणीचं घरटं परवडलं! उपाय दोन. रिळाला आतून ब्रेक असतो, तो सुरुवातीला घट्ट ठेवायचा. आणि अंगठा. चाकावर अंगठा हलकेच टेकवून ठेवायचा आणि आमिष पाण्याला टेकताक्षणी दाबायचा. हे पुस्तकात वाचून येत नाही, अंगठ्यालाच शिकावं लागतं.

आता सायकल आठवा. पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक दोन-तीन फेरे घेतं. रिळातही दातेरी चक्रं असतात. डबीवर ‘६ : १’ लिहिलं असेल, तर दांडीचा एक फेरा म्हणजे चाकाचे सहा फेरे. समजा दोरी भरलेल्या चाकाचा घेर साडेचार इंच आहे. मग एका फेऱ्यात किती दोरी आत येईल? ६ × ४.५ म्हणजे २७ इंच. आकडा मोठा तर वेग जास्त, पण जोर कमी, चढावर वरचं गिअर टाकल्यासारखा. मोठ्या फिरत्या चकत्यांचं आमिष पाण्यात चांगलंच ओढ घेतं. त्यासाठी ५ : १ च्या आसपासचं रीळ बरं. सगळ्या कामांना एकच रीळ घ्यायचं असेल, तर ६ : १ च्या आसपास थांबा.

रीळ मजबूत आणि जरा मोठं घ्या. फिरवायची दांडी लांब आणि तिची बोंडं मोठी असावीत, म्हणजे ओल्या हातातून किंवा हातमोज्यातून निसटत नाहीत.

गंमत म्हणजे अमेरिकेतली अशी पहिली दातेरी चक्रांची रिळं केंटकी राज्यातल्या घड्याळजींनी बनवली! एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने फावल्या वेळात स्वतःसाठी रीळ केलं आणि तिथून ती कला पसरली. पुढे त्याच शतकाच्या शेवटी मिशिगनमधल्या विल्यम शेक्सपिअर नावाच्या गृहस्थाने एक युक्ती काढली. दोरी चाकावर एकाच जागी न साचता डावी-उजवीकडे सारखी गुंडाळली जाईल, अशी. नाव शेक्सपिअर असलं तरी नाटककार नव्हे बरं का!

दोरी आणि लीडर

मस्कीसाठी साधा तंगूस नको. तंगूस ताणला की रबरासारखा लांबतो, आणि लांबच्या माशाला हिसका पोचतच नाही. बारीक धाग्यांची विणलेली दोरी जवळजवळ ताणली जात नाही. ६५ ते ८० पौंडांची, म्हणजे साधारण ३० ते ३६ किलो वजन पेलणारी दोरी घ्यायची. ती गुळगुळीत चाकावरून घसरते, म्हणून आधी तंगुसाचे थोडे वेढे द्यायचे आणि त्याला विणलेली दोरी जोडायची.

आता तुम्ही विचाराल, ‘‘मासा पंधरा किलोचा, मग दोरी छत्तीस किलोची कशाला?’’ प्रश्न अगदी बरोबर. उत्तर असं की दोरीला माशाचं वजन पेलायचं नसतं, हिसके पेलायचे असतात. दोनशे ग्रॅमचं आमिष जोरात जात असताना मध्येच गुंता झाला, तर बारीक दोरी तटकन तुटते आणि आमिष भिरभिरत जातं ते जातंच. शिवाय बारीक दोरी ताण पडला की चाकावरच्या वेढ्यांत रुतून बसते, ते वेगळंच.

दोरी आणि आमिष यांच्या मध्ये साधारण फूटभर लांबीचा लीडर हवाच हवा. तो पोलादी तारेचा किंवा जाड, कडक फ्लुरोकार्बनचा असतो. तो नसेल तर मस्कीचे दात दोरी सहज कापतात. मग तुमचं आमिष गेलं हे नुकसान छोटंच. पण तीन-तीन काट्यांचे गळ तोंडात अडकलेला तो मासा खोल पाण्यात निघून जातो. त्याला खाता येत नाही, आणि सोडवायलाही कुणी नसतं.

इतकं दणकट कशासाठी?

इथे काहीजण म्हणतात, ‘‘एवढी जाडजूड काठी कशाला? हलक्या काठीवर मासा खेळवण्यातच खरी मजा. माशालाही संधी मिळते. ती खरी खिलाडूवृत्ती!’’

ऐकायला छान वाटतं. पण माशाच्या बाजूने विचार करून बघा. शंभर मीटर पळण्याच्या शर्यतीनंतर तुमच्या पोटऱ्या कशा भरून येतात? मस्की हा असाच झटक्याने पळणारा प्राणी. लांब पल्ल्याची दौड त्याला झेपत नाही. हलक्या काठीवर तो वीस-पंचवीस मिनिटं झुंजत राहिला, की त्याच्या स्नायूंत आम्ल साचतं आणि रक्तातला प्राणवायू कमी पडतो. मग तुम्ही त्याला सोडता, तो शेपटी हलवत निघून जातो, तुम्हाला वाटतं वाचला. आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, तो मरतो. ते बघायला तिथे कुणी नसतं.

दणकट काठी, घट्ट रीळ आणि मजबूत दोरी असेल, तर तोच मासा काही मिनिटांत होडीजवळ येतो. दमलेला असतो, पण संपलेला नसतो. म्हणून मस्कीच्या बाबतीत दणकट सामान हीच दया. दुकानात काठी निवडताना एकच प्रश्न विचारायचा : हिने मासा लवकरात लवकर परत पाण्यात जाईल का?

कारण आज मस्की पकडणारे बहुतेक लोक तो सोडूनच देतात. पूर्वी असं नव्हतं. मोठा मासा मारायचा, खांबाला टांगून फोटो काढायचा आणि पेंढा भरून भिंतीवर लावायचा, अशी रीत होती. तळी रिकामी होऊ लागली तेव्हा लोकांचे डोळे उघडले. १९६६ साली मिनेसोटात ‘मस्कीज इनकॉर्पोरेटेड’ ही संस्था सुरू झाली आणि मासा सोडून देण्याची चळवळ तिने घरोघर नेली. सरकारी नियमही कडक झाले. विस्कॉन्सिनच्या बहुतेक पाण्यांत ४० इंचांपेक्षा लहान मस्की ठेवता येत नाही, आणि मिनेसोटात तर २०१५ पासून ही मर्यादा बहुतेक ठिकाणी ५४ इंच आहे. ५४ इंच म्हणजे साडेचार फूट! असा मासा दिसणंच मुश्कील.

खरी खरेदी पुढेच आहे

काठी-रिळावर सगळे पैसे खर्च करून होडीत बसणारे नवशिके खूप असतात. नेमकं तिथेच चुकतं. साधी पण चांगली काठी आणि रीळ मिळून दोन-अडीचशे डॉलर सहज लागतात. त्यात थोडी काटकसर करा, पण पुढच्या वस्तूंशिवाय पाण्यावर जाऊ नका.

१. मोठं, खोल, रबराचा मुलामा दिलेलं झोळीचं जाळं. मासा त्यात पाण्यातच ठेवायचा. जाळं म्हणजे पिंजरा नव्हे, दवाखाना समजा. गळ तिथेच काढायचा.

२. लांब चोचीची पक्कड. एवढ्या दातांत बोटं घालायची नसतात!

३. गळ कापायची मजबूत कटर. गळ निघत नसेल तर ओढाताण न करता सरळ कापून टाकायचा. गळ स्वस्त, मासा महाग. हाच गळ कधी आपल्या बोटात रुतला, तरी कटरच उपयोगी पडते.

४. मोजपट्टी, टोपी आणि चष्मा. हवेत काटे उडत असतात, डोळे जपा.

फोटो काढायचाय? जरूर काढा. पण आधी कॅमेरा तयार ठेवा, मग मासा वर घ्या. एक हात जबड्याखाली, कल्ल्यांना न दुखवता, आणि दुसरा पोटाखाली. मासा आडवाच धरायचा, उभा टांगायचा नाही. आणि एक सोपा नियम : मासा पाण्याबाहेर काढताना स्वतःचा श्वास रोखून धरा. तुम्हाला गुदमरायला लागलं, की त्यालाही लागलं!

उन्हाळ्यात तळ्याचं पाणी फार तापलं, साधारण २७ अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं, की जाणती माणसं मस्कीची मासेमारी थांबवतात. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि दमलेला मासा सावरत नाही. तेव्हा खिशात तापमापक असलेला बरा. सगळ्यांत चांगली काठी कधी कधी घरात कोपऱ्यात उभी ठेवायची असते.

पहिला धडा मैदानावर

काठी हातात आली की लगेच तळ्यावर धावू नका. आमिषाचे सगळे गळ काढून टाका आणि मोकळ्या मैदानावर जा. वीस-पंचवीस पावलांवर एक बादली ठेवा. आता फेका. पहिल्या दिवशी गुंते होतील, अंगठा चुकेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमिष बादलीच्या आसपास पडू लागेल. मग फेकीनंतर काठीचं टोक खाली घेऊन आठचा आकडा काढायची सवय लावा, दर वेळी, न चुकता. आळस केलेल्या नेमक्या त्याच फेकीला मासा मागे आलेला असतो, असं तिथले जुने लोक सांगतात.

आणि हो, तिकडे गेल्यावर त्या राज्याचा मासेमारीचा परवाना आणि हंगामाच्या तारखा आधी विचारा. विस्कॉन्सिन आणि मिनेसोटात १६ वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, पण बरोबरच्या काकांना लागतो!

आपल्याकडचा राजा

मस्की आपल्या नद्यांत नाही. पण आपल्याकडेही एक असाच बलदंड मासा आहे, महसीर. अंगावर मोठमोठे खवले, आणि ओढ अशी की भल्याभल्यांचे हात दुखतात. धरणं, घाण पाणी आणि बेसुमार मासेमारी यांमुळे कितीतरी नद्यांतून तो दिसेनासा झाला. लोणावळ्याला टाटांच्या वळवण धरणाजवळ १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवण्याचं काम चालत आलं आहे. आणि रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या वाळणकोंडीला, काळ नदीच्या डोहात महसीर आहेत, त्यांना गावकरी देवीचे मासे मानतात. तिथे कुणी गळ टाकत नाही. मुलं चुरमुरे टाकतात, आणि हातभर लांबीचे मासे निर्धास्तपणे वर येतात.

एकीकडे साडेआठ फुटांची काठी, दुसरीकडे मूठभर चुरमुरे. रस्ते वेगळे, पण दोन्हीकडच्या लोकांना कळलेली गोष्ट एकच : मोठा मासा एकदा पाहून संपवायचा नसतो, पुढच्यासाठी राखायचा असतो.

आता एक गणित तुमच्यासाठी. एका तळ्यात तासाला साठ फेकी टाकल्या आणि रोज पाच तास मासेमारी केली, तर दहा हजार फेकींना किती दिवस लागतील? उत्तर काढा, आणि मग सांगा, एवढ्या दिवसांनी भेटलेला मासा मारावासा वाटेल का तुम्हाला?